समुद्रापारच्या देवळासाठी मुळशीची वाट

मॉरिशसला देऊळ बांधायचं होतं, म्हणून मी पौडची एस.टी. धरली. हे वाक्य मी परत आल्यापासून निदान पंधरा घरी सांगितलं असेल, आणि प्रत्येक घरी कपात चहा ओतणारा हात मध्येच थांबला. "मॉरिशससाठी मुळशीला?" हो, मुळशीलाच! आता सगळ्यांनाच एकदा नीट सांगून टाकते.

मॉरिशस बेटावर आपली मराठी माणसं आहेत, हे मलाही ते पत्र येईपर्यंत ठाऊक नव्हतं. उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेल्या रत्नागिरीकडच्या लोकांची नातवंडं-पतवंडं. त्यांतली तीसेक घरं ख्रिस्ती आहेत आणि अजून मराठीत प्रार्थना करतात. त्यांचे पुढारी, लूकसदादा, यांनी आमच्या पुण्याच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं होतं. मळ्याच्या मालकाने आवारातलं जुनं दगडी देऊळ (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) त्यांना देऊन टाकलं होतं, पण जागा दिली नव्हती. पुढचा ऊस गाळायला लागायच्या आत सगळे दगड उचलून न्यायचे आणि सहा मैलांवरच्या वस्तीत देऊळ पुन्हा उभं करायचं. तिथले गवंडी म्हणत, "पाडा आणि सिमेंटचं नवं बांधा." लूकसदादांनी लिहिलं होतं, "आमच्या आजोबांनी हे दगड घडवले, पण उपासनेच्या वेळी त्यांना बाहेर उन्हात उभं राहावं लागे. आम्हाला नवं नको. तेच हवं."

हे पत्र उपासनेत वाचलं तेव्हाच मी ठरवलं, त्यांना इथून कारागीर धाडायचे. मी मुलींच्या शाळेत भूमिती शिकवते आणि मंडळीच्या कामाची चिटणीस आहे. पुढचे सहा महिने मी दुसरा विचार केला नाही. दोन सुतार मिळाले, एक गिलावा करणारा मिळाला, आणि शलमोन मेस्त्री दगडकामाला तयार झाले. चौघांचे पासपोर्टाचे अर्ज शनिवारी जायचे आणि त्याआधीच्या रविवारी मेस्त्री नाताळसाठी घंटा पुसायला शिडीवर चढले ते खाली आले मांडीचं हाड मोडूनच!

सोमवारी संध्याकाळी आम्ही प्रार्थनेला बसलो. शेवटी लीदियामावशी बोलल्या. त्या ऐंशीच्या घरात आहेत; धरण बांधलं जात होतं तेव्हा मुळशीच्या दवाखान्यात परिचारिका होत्या. म्हणाल्या, "अगं, पाणी चढायच्या आधी तिथल्या कुठल्याशा गावाने देऊळ दगड दगड करून वर डोंगरात नेलं होतं. करणारा अगदी तरणा पोरगा होता. असेल अजून."

माझे दीर, भास्करभावजी, बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. ते घरी येताना म्हणाले, "वहिनी, त्या माणसाचं नाव?"

"ठाऊक नाही."

"गावाचं?"

"तेही नाही."

"मग आहे काय आपल्याजवळ?"

"सकाळची एस.टी.," मी म्हटलं. "आणि देवाने इतकं आणलंय ते इथे सोडून द्यायला नव्हे."

त्यांनी कपाळाला हात लावला, पण सकाळी माझ्याआधी स्टँडवर तेच हजर होते! हातात देवळाचा नकाशा आणि लूकसदादांनी एका खलाशाबरोबर धाडलेला त्या देवळाचा मुठीएवढा दगड.

पौड, मंगळवार

भूगावचं तळं मागे पडलं, पिरंगुटचा घाट चढला आणि हवाच पालटली. भातं कापून झाली होती. खाचरांतून नुसते खुंट, मधूनमधून पेंढ्याच्या उडव्या, आणि सगळीकडे गोडसर कोरडा वास. पुण्यात आम्ही आंबेमोहोर तांदूळ वाण्याकडून आणतो आणि शिजताना वास आला की धन्य होतो. इथे तो वास रस्त्यावरच पडलेला होता.

पौडला चहाच्या दुकानात मी सरळ सगळ्यांनाच विचारलं, "हलवलेलं देऊळ कुठे आहे हो?" भावजींना शरमल्यासारखं झालं. पण दुकानदार लगेच म्हणाला, "हाय की! पाण्याच्या पल्याड. धरणापास्नं सकाळी होडी सुटती, तिनं जा."

बघा! पहिल्याच घोटाला पत्ता मिळाला. मी मनातल्या मनात उपकारस्तुती केली आणि दुसरा चहा मागवला. पुढे गवताने भरलेल्या ट्रकमधून आम्ही धरणाजवळच्या गावी पोचलो. तिथल्या शाळामास्तरांनी ओळख ना पाळख, घरात घेतलं. त्यांच्या पत्नीने कुळथाचं पिठलं, तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी आणि खेकड्यांचा झणझणीत रस्सा वाढला. भावजींनी आयुष्यात खेकडा खाल्ला नव्हता. पहिला पाय कसा फोडायचा ते मास्तरीणबाईंनी दाखवलं आणि मग त्यांना आवरायलाच कोणी तरी लागलं!

तळ्याकाठी, बुधवार

होडी चुकली.

चुकली ती भावजींच्या दाढीमुळे. मी काठावर उभी राहून हाका मारतेय, हे साबण लावून आरशासमोर. आणि आमच्या डोळ्यांदेखत होडी निघाली. पुढची होडी थेट दुसऱ्या दिवशी. शनिवार डोळ्यांसमोर उभा राहिला आणि मी इतकी संतापले की प्रार्थनाही सुचेना.

"काठाने चालत जाऊ," मी म्हटलं.

"वळसा किती मैलांचा आहे कल्पना आहे का, वहिनी?"

"तुम्ही ओव्हरसियर, तुम्हीच मोजा. चला."

सुरुवातीचा तासभर मी तरातरा पुढे चालत राहिले. पण ते पाणी असं निळं, डोंगरांच्या कडा त्यात अशा उलट्या टांगलेल्या, की राग टिकेना. मध्येच पाण्यातून एखाद्या वाळक्या झाडाचा शेंडा वर आलेला दिसे. खाली गावं आहेत, हे तो शेंडा पाहून पहिल्यांदा जाणवलं. मी चालता चालता गाणं म्हणू लागले. आणि नेमका तेव्हाच भावजींच्या बुटाचा तळवा सुटून जिभेसारखा लोंबू लागला. दहा पावलांत ते एका खाचरात तोंडावर पडले. नकाशा मात्र त्यांनी दोन्ही हातांनी वर धरला होता. पडतानाही!

चढावर कातकऱ्यांच्या पाच-सहा झोपड्या होत्या. तिथे एक म्हातारी डिंक निवडत बसली होती. भावजींचा अवतार पाहून ती तोंडाला पदर लावून हसली, आत गेली आणि झाडाच्या सालीची दोरी घेऊन आली. बूट तिने पायासकट असा आवळून बांधला की तो पुण्यापर्यंत सुटला नाही.

"कुटं जाताव?" तिने विचारलं.

"पलीकडे. हलवलेल्या देवळाला."

तिचे हात थांबले. "पल्याड? पल्याडचं देऊळ नवं हाय, चुन्याचं. हलीवलेलं तं हितं वर हाय. गेणूचं." तिने हनुवटीने डोंगराकडे दाखवलं. "तो काय, धूर निंगतोय."

मी भावजींकडे पाहिलं. होडी मिळाली असती तर आम्ही पलीकडे भलत्याच गावात हिंडत बसलो असतो आणि गुरुवारही गेला असता!

"दाढीला नावं ठेवत होतात ना?" भावजी म्हणाले. पण त्यांचाही आवाज जरा बदलला होता.

वरची वाडी

देऊळ लहान, काळ्या दगडाचं. भैरोबाचं. जोडे काढून आम्ही बाहेरूनच पाहू लागलो. भावजींनी खिशातलं पोस्टकार्ड काढलं आणि दोन दगडांच्या सांध्यात घालून पाहिलं. जाईना. दुसरीकडे, तिसरीकडे. कुठेच जाईना. चुना नाही, काही नाही, नुसता दगडावर दगड. "वहिनी," ते हळूच म्हणाले, "हा माणूस जिवंत असू दे."

मी मात्र वेगळंच काही पाहत होते. प्रत्येक दगडाच्या कोपऱ्यात टाकीने कोरलेलं एक इवलंसं चित्र होतं आणि त्याच्यापुढे टिंबं. खालच्या सगळ्या दगडांवर मासा. त्यावरच्या थरात खेकडा. मग बेडूक, मग साप. मी वाकून टिंबं मोजायला लागले.

"त्या अंगानं न्हाई. दारापास्नं उजवीकडं मोजायचं."

मागे एक उंच, वाळका, पिकल्या मिशांचा माणूस खांद्यावर कुदळ घेऊन उभा होता.

"गेणूबा ना? हे तुम्ही केलं?"

"मंग? मला लिवता येत न्हाई. पन मासा वळखतो." तो पुढे येऊन एकेक दाखवू लागला. "पान्याच्या जवळचं खाली. मासा, खेकडा, बेडूक, सरप. मंग कोंबडा, बैल. त्याच्या वर वानर. कळसाला घार. चुकंलच कसं? बैल कदी वानराच्या वर बसतो का?"

इतकी वर्षं मी मुलींना आकृत्यांना अ, ब, क नावं द्यायला शिकवते. त्या क्षणी मला तिथे पाटी घेऊन बसावंसं वाटलं!

मी पिशवीतून लूकसदादांचा दगड काढून गेणूबांच्या हातात दिला. काही सांगितलं नाही. त्यांनी तो उन्हात फिरवला, थुंकी लावून अंगठ्याने चोळला, मग कुदळीच्या पात्यावर वाजवून कानाशी धरला.

"कोन्च्या खानीतला?"

"समुद्रापलीकडचा. बोटीने कित्येक दिवसांच्या वाटेवरचा."

"चेष्टा करताय म्हाताऱ्याची? हा आपलाच हाय. काळा पाशान. ह्यो बगा," त्यांनी देवळाच्या जोत्याशी तो धरला. खरंच, कोणता कुठला ते मलाही सांगता आलं नसतं.

मग मी सगळं सांगितलं. बसल्या बसल्या अर्धी वाडी गोळा झाली. गेणूबांच्या पत्नी ठकूबाई सूप घेऊन मागे उभ्या. माझं बोलणं संपायच्या आत गावचे पाटील पुढे आले. माणूस भारदस्त, आवाज त्याहून.

"बाई, एक इचारतो, राग मानू नगा. ह्याला तिकडं न्हेऊन बाटवायचा इचार हाय का?"

भावजी ताडकन उठले. मी त्यांच्या बाहीला धरून खाली बसवलं. प्रश्न रास्त होता; त्यांच्या जागी मीही विचारला असता.

"नाही," मी म्हटलं. "आम्हाला त्यांचे हात हवेत. त्यांचा देव त्यांच्याबरोबर राहील. तिथे त्यांना कोणी एका शब्दानं विचारणार नाही, हे मी माझ्या प्रभूला स्मरून सांगते."

"मंग तुमच्यात पाथरवट न्हाईत?"

"होते एक. ते पडले. मी सहा महिने देवाजवळ या कामाला माणसं मागतेय, पाटील. त्यानं मला इथे आणलं. का आणलं ते त्यालाच ठाऊक. मी फक्त विचारायला आलेय."

गेणूबा मघापासून नकाशाकडे पाहत होते. त्यांनी किती थर ते विचारलं, कमान आहे का ते विचारलं, पाया कसला ते विचारलं. भावजी उत्तरं देत होते आणि दोघांची डोकी एकमेकांना लागायच्या बेतात होती. मध्येच गेणूबांनी मान वर केली.

"बाई, तुमी म्हनला, ज्येंनी दगड घडीवलं त्येनला आत घेत न्हवते?"

"नाही. बाहेर उभं राहावं लागे."

"आन आता त्येंची पोरंच आत बसनार?"

"हो."

मग गेणूबा उठले, कुदळ उचलली आणि "सकाळी सांगतो" म्हणून चालू लागले.

गुरुवार

सकाळी मी तांब्याभर गरम पाण्याने तोंड धुऊन त्यांच्या दारी गेले, तर गेणूबा घरात नाहीत. कुदळ कोपऱ्यात. अंथरूण गुंडाळलेलं. नको म्हणायला जड जातं, म्हणून माणसं अशी आधीच निघून जातात. मी पाहिलेलं आहे.

ठकूबाई चुलीपुढे नाचणीची भाकरी थापत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "बसा."

"गेणूबा कुठे गेले?"

"लव्हाराकडं."

"लोहाराकडे? कशाला?"

"टाक्यांना धार लावाया," त्या म्हणाल्या. "समद्या घिऊन गेलाय. लहानी, मोटी, समद्या. दहा वरसं धूळ खात पडल्या हुत्या."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि रडू लागले! सांगायला लाज वाटत नाही. ठकूबाईंनी मला रडू दिलं, भाकरी उलटली आणि मग माझ्यापुढे येऊन बसल्या.

"आता माझं ऐका. कसलं देऊळ, कुनाचा देव, मला कळत न्हाई. त्ये देऊळ वर आनल्यापास्नं त्येच्याजोगतं काम कुनी दिलं न्हाई त्येला. लोकांची दळायची जाती टाकवीत हिंडला. काल नकाशा बगून आला आन जेवताना गाडगं मांडून मला कमान दावत हुता. म्हून म्या म्हनलं, जा. पन भात लावायच्या आत माझा मानूस मला परत पायजे. लिवून द्या."

"लिहून?"

"व्हय. तुमी मास्तरीन ना?"

मी वहीचं पान फाडून लिहिलं: पुढच्या लावणीच्या आत गेणूबा सुखरूप परत आणून देण्याची जबाबदारी माझी. खाली सही केली. मग भावजींनीही, कोणी न सांगता, आपली सही केली. ठकूबाईंना अक्षर वाचता येत नव्हतं. त्यांनी तो कागद उलटासुलटा करून पाहिला, घडी घातली आणि देव्हाऱ्यातल्या देवांच्या टाकांखाली ठेवला. मी त्यांना नमस्कार केला, तर त्या म्हणाल्या, "भाकरी खावा आदी. निवल."

नाचणीची ती भाकरी, वर लसणाची चटणी आणि म्हशीचं दही. पुण्यात आम्ही पाहुण्यांना साखर घालून दही देतो आणि वाटी लहान घेतो. इथे ठकूबाई वाडग्यात ओततच राहिल्या!

निघताना पाटील स्वतः धरणाच्या रस्त्यापर्यंत पोचवायला आले. गेणूबांचं गाठोडं त्यांनीच घेतलं होतं. आत नुसतं लोखंड, चांगलं जड. "पाटील, द्या इकडे," भावजी म्हणाले. पाटलांनी दिलं नाही.

पुन्हा पौड, शुक्रवार

कचेरीत रहिवासाचा दाखला हवा होता. कारकून तरुण आणि अगत्यशील होता. त्याने टाक शाईत बुडवला.

"जन्मगाव?"

गेणूबांनी नाव सांगितलं.

कारकुनाने मोठं पुस्तक चाळलं, पुन्हा चाळलं. "आजोबा, या नावाचं गाव यादीत दिसत नाही."

"कसं दिसंल? पान्यात हाय."

"मग मी लिहू काय?"

"तेच लिवा. पान्यात."

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं, मी भावजींकडे. अखेर त्याने वरिष्ठांना विचारलं आणि गावाच्या नावापुढे कंसात 'हल्ली जलाशयात' असं सुबक अक्षरात लिहिलं. सहीच्या जागी गेणूबा अंगठा देतील असं वाटलं होतं. त्यांनी टाक मागून घेतला आणि एक घार काढली. कारकून हरकत घेणार होता. पण ती घार इतकी हुबेहूब होती की तो बघतच राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे. शेजारी अंगठाही द्या म्हणजे झालं."

शनिवारी दुपारी चारही अर्ज गेले. रविवारी आमच्या उपासनेच्या वेळी गेणूबा मुंडासं बांधून मागच्या बाकावर बसले होते. मी नको म्हटलं होतं; ते म्हणाले, "बगू तरी, देऊळ आतनं कसं असतं." प्रार्थना चालू असताना ते डोळे मिटून नव्हते, भिंत चाचपत होते. नंतर पाळकसाहेबांना म्हणाले, "खिडकीखालचा दगड उलटा बसवलाय. पाच-सात वरसांत फुगंल." पाळकसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी गवंड्याला बोलावलं.

मुंबई, धक्क्यावर

पासपोर्ट आले, बोट ठरली, आणि होळीच्या सुमारास चौघं निघाले. आता हे लिहिते आहे तेव्हा लूकसदादांचं पत्र आलं आहे: शेवटचा दगड मळ्यातून उचलला, नव्या जागी भिंत खिडकीच्या वर गेली, आणि गेणूबा तिथल्या पोरांना मुळशीच्या बोलीत ओरडत असतात ते कोणाला कळत नाही पण सगळे ऐकतात. लावणीच्या आधीची परतीची बोटही ठरली आहे. ठकूबाईंना मी मास्तरांकरवी तसा निरोप धाडला आहे.

पण मला सांगायचं आहे ते धक्क्यावरचं. मंडळीची चाळीस माणसं निरोपाला आली होती. हार, गाणी, रडारड, एका सुताराच्या सासूला घेरी. गेणूबा या सगळ्यांत नव्हते. शोधते तर ते टोकाला एकटेच उभे, समुद्राकडे तोंड करून. त्यांनी समुद्र कधी पाहिलेला नव्हता. चेहरा असा उतरलेला की मला वाटलं, हे आता येत नाहीत.

मी जवळ जाऊन उभी राहिले.

"बाई," ते म्हणाले, "एवढं पानी. ह्याच्याखाली गावं किती गेली?"

मला क्षणभर प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा तळ्यातला तो वाळका शेंडा आठवला.

"एकही नाही, गेणूबा. हे कोणी अडवलेलं नाही. हे पहिल्यापासूनच इथे आहे."

"कुनाला उठीवलं न्हाई?"

"कोणालाच नाही."

त्यांनी पुन्हा एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत समुद्र पाहून घेतला. मग मुंडासं सारखं केलं, गाठोडं उचललं.

"मंग बरं हाय," ते म्हणाले, आणि चौघांत सगळ्यांत आधी बोटीची शिडी चढले ते तेच.